काळ्या फुग्यातला आवाज

अंतराळातल्या चित्रकथांच्या त्या जाडजूड संग्रहावर अनुवादक म्हणून माझं एकटीचं नाव छापलेलं आहे. ते अर्धं खोटं आहे. शेजारी तुमचंही नाव घालू का, असं मी वडिलांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी हात झटकून तो विषय संपवला. चित्रं काढली नाहीत, गोष्ट लिहिली नाही, मग नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वडिलांशी वाद घालून जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून पुस्तकात जे छापता आलं नाही ते इथे लिहिते आहे. त्या अनुवादात मी एक मोठी चूक केली होती. ती त्यांना लागली, आणि तरी त्यांनी मला ती सुधारू दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी नागपुरात एका शाळेत मराठी शिकवते. सकाळची शाळा, दुपारी एकला घरी. राग नाकावर असतो असं माझे विद्यार्थी म्हणतात आणि त्यात काहीही खोटं नाही. वर्गात कुणी 'मले' म्हटलं की माझा खडू थांबतो. 'मले नाही, मला', हे वाक्य मी नोकरीत जितक्या वेळा उच्चारलं असेल तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. मी मूळची उमरेडची. घरी सगळे वऱ्हाडी वळणानं बोलायचे, मीही बोलायची. डी.एड.ला नागपुरात आले तेव्हा पहिल्याच पाठाला बाईंनी सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. त्या दिवशी मी ती बोली सोडली ती सोडलीच. त्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

आई गेल्यावर वडील उमरेडचं घर बंद करून आमच्याकडे धरमपेठेत राहायला आले. त्यांनी आयुष्यभर कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवला. हाताची बोटं अजून स्टेअरिंग धरल्यासारखी वळलेली असतात. माझा नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो. म्हणजे दुपारभर घरात वडील आणि मी. पहिले काही महिने ते बाल्कनीत बसून खालची वाहनं बघायचे आणि कुठला ड्रायव्हर क्लच चुकीचा दाबतो ते मला सांगायचे.

अशात एका प्रकाशकाचा फोन आला. मुलांसाठी मी केलेले दोनचार अनुवाद त्यांनी वाचले होते. परदेशी चित्रकथांचा एक संग्रह त्यांना मराठीत आणायचा होता, सहा लांबलचक गोष्टी, नायक एकच. मी हो म्हटलं ते खरं तर वडिलांकडे बघून. लहानपणी त्यांनीच मला या चित्रकथांचं वेड लावलं होतं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं नागपूरला गेले की स्टँडवरून हिंदी कॉमिक घेऊन यायचे आणि मला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचे. मला हिंदी कळत नाही असं त्यांनी परस्पर ठरवलेलं, त्यामुळे वाचता वाचताच ते सगळं आपल्या बोलीत करून सांगत. कितीतरी वर्षं माझी समजूत होती की उडणारी माणसं उमरेडच्या बाजूचीच असतात.

या संग्रहातल्या नायकाचं मूळ नाव आपल्या जिभेला झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही त्याला 'राखणदार' म्हणायला लागलो आणि तेच पुढे पुस्तकातही राहिलं. दोन सूर्यांच्या मधल्या वाटेवर हा राखणदार एक गंजकं जहाज चालवतो. विझत चाललेल्या ग्रहांवरची माणसं उचलायची आणि जिवंत ग्रहांवर नेऊन सोडायची, हे त्याचं काम. पहिल्याच गोष्टीत तहानेनं मरायला टेकलेला असताना तो एका मेलेल्या ग्रहावरच्या विहिरीचं काळं पाणी पितो. त्या घोटापासून त्याची सावली बोलायला लागते. सावली म्हणजे कुणी दुसरा दुष्ट नव्हे, तोच. एका गोष्टीत तो आपला जीव धोक्यात घालून अख्खं गाव वाचवतो आणि पुढच्याच गोष्टीत सावलीचं ऐकून जिवाभावाच्या मित्राला जळत्या ग्रहावर सोडून निघून जातो. बोलण्याचे फुगेही दोन रंगांचे. तो भला असतो तेव्हा पांढऱ्या फुग्यात काळी अक्षरं, आणि सावली बोलते तेव्हा काळ्या फुग्यात पांढरी.

प्रकाशकानं सगळी पानं रिकाम्या फुग्यांसह छापून पाठवली होती. त्या फुग्यांत मी पेन्सिलीनं मराठी लिहायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. फुगा लिंबाएवढा आणि आपलं वाक्य भोपळ्याएवढं, अशी गत असते. शिवाय कागदावर छान दिसणारं वाक्य तोंडात घेतलं की दाताखाली खडा यावा तसं अडकतं. म्हणून मी वडिलांना वाचायला बसवलं. दुपारी चारला चहा झाला की कूलर लावायचा आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या टाकायच्या. राखणदाराचे दोन्ही रंगांचे फुगे वडिलांकडे. बाकी प्रवासी, म्हाताऱ्या, यंत्रं, न्यायाधीश, सगळं माझ्याकडे. ज्या फुग्यावर ते अडखळतील तो मी खोडायचा आणि पुन्हा लिहायचा, असा करार होता.

काळ्या विहिरीचं चित्र पाहून ते पहिल्या दिवशी म्हणाले, "हे तं आपली खानच हाय वं. वरून पाह्यलं का अशीच दिसते." मेलेला ग्रह त्यांना ओळखीचा वाटला म्हणून मला फार आनंद झाला. इतका वेळ खाली वाहनं बघणारा माणूस आता चारची वाट बघायला लागला होता.

आता माझी चूक. सावली निराळी वाटली पाहिजे, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. मुळात तिची इंग्रजीही थोडी वेगळी, खालच्या पट्टीतली होती. दोन दिवस विचार केला आणि मग मला जे सुचलं त्यावर मी स्वतःच खूश झाले. पांढरे फुगे स्वच्छ पुस्तकी मराठीत आणि काळे फुगे आपल्या वऱ्हाडी बोलीत! कसली ताकद येते बघा, म्हणून मी प्रकाशकांना तीन पानं पाठवली. ते म्हणाले, मॅडम, वाहवा, काय ठसका आहे. संगणकावर अक्षरं बसवणारा माणूस तर फोनवर हसतच सुटला. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे कधी सुचलंच नसतं. असली चूक करायला आमच्याकडचंच माणूस लागतं, आणि तेही शाळेत शिकून शहाणं झालेलं.

वडिलांनी काळे फुगे वाचले आणि खोलीत राखणदाराची सावली उभी राहिली. "काहून एवढा जीव जाळून राहिला गा? कोण पाहून राहिलं इथी?" हे वाक्य त्यांनी अशा मायेनं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. पांढऱ्या फुग्यात ते अडखळत, 'कर्तव्य'पाशी घसा साफ करत. काळ्या फुग्यात मात्र पाण्यात सोडलेल्या माशासारखे. दोन गोष्टी आम्ही अशा संपवल्या. मी खूश होते. ते खूश आहेत की नाहीत हे बघायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या गोष्टीच्या मध्यावर एक पान आहे. त्यात वर पांढरा फुगा, खाली लगेच काळा. वडील वाचता वाचता थांबले. चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "एकच माणूस हाय ना हा? मंग पांढऱ्यात असा बोलते अन् काळ्यात आपल्यावानी. काहून वं?"

मी खोडरबर शोधत होते. मान वर न करता म्हटलं, "अहो बाबा, वाईट बाजू कुठली ते वाचणाऱ्याला लगेच कळायला नको का?"

"अस्सं," ते म्हणाले. आणि उरलेलं पान त्यांनी वाचून पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे केला तर ते म्हणाले, "मला थोडा नंतर दे." मला वाटलं चेष्टा करतायत. माझ्या वर्गातल्या खडूची नक्कल करतायत असं समजून मी हसले. तेही किंचित हसले. पण दुपारीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. 'मला', 'तुला', 'आहे', 'नाही', एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखा. खाली भाजीवाला आला तेव्हा मी बाल्कनीत होते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, भाजीवालाही तेच म्हणतो, आणि सत्तर वर्षं माझे वडीलही तेच म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी वरून हाक दिली, "कोथिंबीर आहे का?" भाजीवाल्यानं मान वर करून विचारलं, "काय पायजे काका?" वडील हात हलवून नको म्हणाले आणि आत येऊन बसले.

मला बोलताना प्रत्येक शब्द शोधून काढावा लागला तर मीही कमी बोलेन. तसंच झालं. क्लचवरच्या टीका बंद झाल्या. खाणीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला की पूर्वी सगळ्या मजल्यांना ऐकू जायचं. आता ते फोन घेऊन बाल्कनीत जात, दार ओढून घेत आणि भिंतीकडे तोंड करून हळू बोलत. चार वाजता मी पानं घेऊन आले तर म्हणाले, "माझे डोळे दुखतात. तू वाच."

मी काय केलं असेल? त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आजार पोटात आणि लेप पाठीला. डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांनी अर्धा तास तपासून सांगितलं की या वयाला इतकी चांगली नजर क्वचित असते. वडील खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "मला व्यवस्थित दिसत आहे, डॉक्टरसाहेब." परत येताना ऑटोत मी चिडले. म्हटलं, डोळे ठीक आहेत तर वाचायला काय होतं, माझं काम अडलंय, प्रकाशक रोज विचारतायत.  घराच्या वळणावर ते म्हणाले, "मी विचार करत आहे की उमरेडला परत जावे. तिथे घर आहे."

सत्तरी ओलांडलेला माणूस, बंद घर, स्वयंपाकाला हात लावलेला नाही कधी. आणि त्यांनी ते इतक्या शुद्ध भाषेत सांगितलं, जणू मी कुणी परकी अधिकारी आहे आणि ते अर्ज करतायत. मला भीती वाटली. ते खरंच जातील आणि मग मला फक्त फोनवर, भिंतीकडे तोंड करून भेटतील, हे मला त्या ऑटोत स्वच्छ दिसलं. कशानं हे झालं तेवढं मात्र अजून दिसत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. वडील आतल्या खोलीत पडले होते. चौथी गोष्ट तपासायची होती आणि वाचायला कुणी नव्हतं, म्हणून मी एकटीच दोन्ही फुगे मोठ्यानं वाचायला लागले. राखणदारानं पाठ फिरवल्यामुळे एक गाव जळालं आहे आणि तो ढसाढसा रडतो आहे. सावली त्याची समजूत घालते. मी लिहिलं होतं, "काहून रडून राहिला गा? एका गावानं का दुनिया संपते का?" ते वाचताना माझा आवाज आपोआप वडिलांच्या चालीत गेला आणि मी तिथेच थांबले.

हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं. मी दहावीला गणितात नापास झाले त्या दुपारी वडील कोळशानं माखलेल्या कपड्यांत तसेच माझ्याजवळ येऊन बसले होते आणि म्हणाले होते, "काहून रडून राहिली वं माय? एका पेपरानं का जिंदगी संपते का?" त्या एका वाक्यावर मी पुन्हा परीक्षेला बसले, पास झाले, शिक्षिका झाले. ते वाक्य उचलून मी एका सैतानाच्या तोंडी दिलं होतं. मी मागची पानं उलटली. एकेक काळा फुगा तपासला. माझं असं त्यात काहीच नव्हतं. सगळी वाक्यं त्यांची होती, घरातली, जेवताना म्हटलेली, आजारपणात उशाशी बसून म्हटलेली. आणि तीच वाक्यं मी त्यांच्याकडूनच वाचून घेतली होती, वर टाळ्याही वाजवल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं असं नव्हे, तोंड लपवावंसं वाटलं.

मी आत गेले. ते जागे होते. पिशवीत दोन सदरे घडी करून ठेवले होते.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. "ते काळे फुगे... मी तुमची भाषा वाईटाच्या तोंडी घातली."

"तसे काही नाही," ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस. तुला जास्त कळते."

तळपायाची आग मस्तकात जायला मला वेळ लागत नाही, पण या वेळी ती आग माझ्यावरच होती. मी तिथल्या तिथे तोडगा काढला. म्हटलं, सगळं उलटं करते. भला राखणदार वऱ्हाडी बोलेल आणि सावली बोलेल पुस्तकी, अगदी माझ्यासारखी. होऊ दे फजिती शहाण्यांची.

वडील उठून बसले. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. चौदा दिवसांनी ते माझ्याशी आपल्या बोलीत बोलले. "येडी झाली का वं तू? हे तं अजूनच बेकार झालं! आज आपल्याले लागलं, मंग उद्या त्याइले लागंन. अवं, त्या माणसाले तोंड किती हायेत? एक ना? मंग बोली दोन कुठून आणून राहिली?"

मी जमिनीवर बसले. त्यांनी मग मला एक गोष्ट सांगितली, जी माझ्या आईलाही माहीत नव्हती. तरुणपणी डंपर मागे घेताना त्यांनी एक विजेचा खांब पाडला होता. चूक त्यांचीच, आरशात बघितलंच नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी मागे उभं राहून हात दाखवणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं. तो यांच्यापेक्षा वयानं मोठा, चार लेकरांचा बाप. त्याला घरी बसवलं. "दोन दिवस घास नाई उतरला गळ्याखाली. तिसऱ्या दिवशी साह्यबाच्या समोर उभा राह्यलो अन् खरं सांगतलं. आता मले सांग, खोटं बोललो ते याच तोंडानं. मंग खरं सांगाले गेलो ते का दुसरं तोंड घेऊन गेलो होतो का? दोन्ही डाव 'साह्यब, खरं सांगून राहिलो' असंच बोललो. बोली तेच होती. माणूसच तेवढा दोन दिवसांत इकडचा तिकडं झाला होता."

मी इतकी वर्षं मराठी शिकवते आहे. एका नायकाच्या पोटातलं भलंबुरं मला इतक्या सरळ शब्दांत कुणी समजावलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "हाव, आता जास्त लाडात नको येऊ. पेन्सिल आण."

आम्ही सगळे फुगे खोडले. राखणदार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच बोलीत बोलायला लागला, आमच्या. फुगा पांढरा असो की काळा. गंमत म्हणजे सावली आता जास्त भीतिदायक झाली, कारण ती ओळखू येईना. माणूस बोलतो आहे तोपर्यंत सगळं गोड, आणि फुग्याचा रंग बघावा तर काळा. वडील पांढरे फुगेही आता न अडखळता वाचत होते. 'कर्तव्य' गेलं आणि त्याच्या जागी "हे मलेच करा लागते" आलं.

प्रकाशक मात्र हादरले. म्हणाले, मॅडम, नायक गावठी वाटेल, वाचक हसतील. मी म्हटलं, हीच बोली काळ्या फुग्यात होती तेव्हा तुम्ही वाहवा म्हणाला होतात. सैतानाला चालते ती भाषा देवमाणसाला का चालू नये, ते मला लेखी कळवा. फोन ठेवल्यावर वाटलं, काम गेलं हातातून. पण तो माणूस मोठ्या मनाचा निघाला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की त्यांनी पानं घरी मोठ्यानं वाचून पाहिली आणि वाचता वाचता त्यांना स्वतःचे मामा आठवले. छापू या, म्हणाले. अक्षरं बसवणाऱ्यानं तीन गोष्टींचं झालेलं काम पुन्हा केलं आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

शेवटच्या गोष्टीच्या शेवटच्या पानावर जहाज माणसांनी भरलं आहे, हवा संपत आली आहे आणि निम्म्या माणसांना पलीकडे कोंडून दार लावलं तर राखणदार स्वतः वाचणार आहे. सावली म्हणते, लाव. मुळात राखणदार यावर एक लांबलचक भाषण करतो. माझे चार खर्डे फुकट गेले. वडिलांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि सावलीशी बोलावं तसं म्हणाले, "तूबी मीच हाय. ये, बस माया बाजूले. पण दार मी नाई लावत." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. फुग्यातही नेमकं मावलं.

पुस्तक छापायला गेलं. मला वाटलं, सगळं सुरळीत झालं. आणि एका सकाळी वडील ती दोन सदऱ्यांची पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आले. उमरेडची बस धरायची म्हणाले.

"अजून राग आहे का तुमचा?" मी विचारलं.

"नाई वं. रागानं नाई जाऊन राहिलो. तुया पुस्तकातला माणूस चांगला बोलाले लागला, मले लय खुशी झाली." ते दारापाशी खुर्चीवर बसून चपला घालत होते. "पण इथी माया संग बोलाले कोण हाय? तिकडं दोनचार जुने लोक हायेत."

"मी आहे ना, बाबा. मी रोज तुमच्याशी बोलते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव, बोलते ना," ते म्हणाले आणि पट्टा लावायला खाली वाकले.

तेव्हा मला कळलं. गेली तीस वर्षं ते एका बोलीत बोलत होते आणि मी दुसऱ्या बोलीत उत्तर देत होते. काळे फुगे मी आत्ता रंगवले. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर माझी बारीकशी दुरुस्ती मात्र त्या डी.एड.च्या वर्गापासून चालू होती. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. माझ्या शिकण्यासाठी त्यांनी आपल्या बोलीत बोलणारी लेक गमावली आणि वर सगळ्यांना अभिमानानं सांगितलं की पोरगी मास्तरीण झाली. पुस्तकातल्या माणसाला मी त्याची बोली दिली होती. घरातल्या माणसाला अजून नाही.

मी तोंड उघडलं तर आधी 'मला'च ओठांवर आलं. वर्गात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीसारखी मी एकेक शब्द जुळवला. मग कसंबसं म्हटलं, "बाबा, नका ना जाऊ. तुमी गेले तं मले करमणार नाई."

त्यांचे हात चपलेवरच थांबले. त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते, माझेही.

"मंग असं बोल ना वं माय," ते म्हणाले. "कवाचा वाट पाहून राहिलो."

आणि त्यांनी चपला काढल्या.